अचूक यंत्रभागांच्या गुणवत्ता-तपासणीचे संगणकीकरण : महाराष्ट्रातील लघुउद्योगांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेले मिरा-भाईंदर एकेकाळी मिठागरे, शेती आणि मासेमारी यांसाठी ओळखले जात होते. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद, तर २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. शहर वाढत गेले, तसतशा बेव्हर्ली पार्कसारख्या निवासी वसाहती उभ्या राहिल्या. त्याच शहरात स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि औद्योगिक गाळ्यांतील लहान यंत्रउद्योगही आहेत. भांड्याची पारख नजरेने व हाताने होऊ शकते. यंत्राच्या सुट्या भागाचे तसे नाही. तेथील फरक मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो. असा भाग उत्तीर्ण की नापास हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि संगणकामुळे तो कोठे गेला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

गेज ते नियंत्रण-आलेख :
अदलाबदल करता येणारे सुटे भाग हा आधुनिक यंत्रोद्योगाचा पाया होय. स्वीडनमधील कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी १८९६ च्या सुमारास गेज ब्लॉकच्या संचाची कल्पना मांडली आणि कारखान्यांना लांबीचे विश्वसनीय प्रमाण मिळाले. प्रत्यक्ष कामाच्या जागी मात्र 'गो' व 'नो-गो' प्लग गेजच प्रचलित राहिले. गेजने निवाडा मिळत असे, पण आकडा मिळत नसे. भाग मर्यादेत आहे एवढेच कळे. हत्यार झिजून माप हळूहळू सरकत आहे, हे कळत नसे.

ही उणीव वॉल्टर शूहार्ट यांच्या १९२४ च्या नियंत्रण-आलेखाने दाखवून दिली. १९४७-४८ मध्ये शूहार्ट भारतात आले होते. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने संख्याशास्त्रीय गुणवत्ता-नियंत्रणाचा पुढे देशभर प्रसार केला. परंतु हाताने आकडे लिहून सरासरी काढण्याचे काम पाच-सहा कामगारांच्या कारखान्याला परवडणारे नव्हते.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी :
१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात मोठ्या वाहन-कारखान्यांच्या आधाराने सुटे भाग पुरविणारे लघुउद्योग वाढले. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोने पुण्यात टूलरूम आणि शिकाऊ कामगारांचे प्रशिक्षण यांवर भर दिला. या परंपरेत अनुभवी इन्स्पेक्टरच्या मायक्रोमीटरवरील 'हाताला' मोठा मान होता. तथापि, दाब थोडा बदलला की वाचन बदलते, आणि दोन माणसांची वाचने क्वचितच तंतोतंत जुळतात.

वैयक्तिक संगणकाचे आगमन :
१९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने व १९९१ नंतरच्या उदारीकरणाने त्याची आयात सुलभ झाली. मोजणारा संवेदक मात्र नवा नव्हता. एलव्हीडीटी हा विद्युत-संवेदक १९४० च्या दशकापासूनच ज्ञात होता. नवीन होते ते त्याचे संकेत अंकांत बदलणारे कार्ड. १२-बिट कार्ड संकेताचे ४,०९६ भाग पाडते. म्हणजे २ मिलिमीटरच्या मापन-पल्ल्यात सुमारे अर्ध्या मायक्रॉनचा फरक ओळखता येतो. भाग फिक्स्चरमध्ये ठेवणे, संवेदक टेकविणे, मर्यादेशी तुलना करणे, नापास भाग वेगळा काढणे आणि नोंद ठेवणे ही सर्व कामे एकाच क्रमात होऊ लागली. भाग बदलला तरी यंत्र बदलण्याची गरज उरली नाही. बहुतेक वेळा फिक्स्चर व प्रोग्राम बदलले की भागत असे.

मर्यादा :
या व्यवस्थेचे काही दोषही ध्यानात घेणे आवश्यक आहे. मापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण-तापमान २० अंश सेल्सिअस आहे. १०० मिलिमीटरचा पोलादी भाग ३० अंशांवर सुमारे ११.५ मायक्रॉनने वाढतो. खाडीकाठच्या उन्हाळ्यात वातानुकूलनाशिवाय घेतलेले वाचन पडद्यावर कितीही दशांश स्थळांपर्यंत दिसले, तरी तापमानाची भरपाई केल्याखेरीज ते विश्वसनीय ठरत नाही. दुसरे असे की, सर्वसाधारण विंडोज प्रणाली नेमक्या क्षणी आज्ञा पाळण्याची हमी देत नाही. म्हणून वेळेचे काटेकोर काम कार्डावर किंवा स्वतंत्र पीएलसीवर सोपवावे लागते. तिसरे, नव्या संगणकांतून आयएसए खाचा नाहीशा झाल्या, तेव्हा चालू स्थितीतील जुनी कार्डे निरुपयोगी ठरली. मापनयंत्राचे आयुष्य दशकांचे, तर संगणकाचे काही वर्षांचे. हा खर्च लहान उद्योजकालाच सोसावा लागतो.

निष्कर्ष :
संगणकामुळे मोजण्याच्या अचूकतेत जेवढा फरक पडला, त्याहून अधिक फरक नोंदीच्या स्वरूपात पडला. पूर्वी माल परत आला, तर पुरवठादारापाशी स्वतःच्या शब्दाखेरीज पुरावा नसे. प्रत्येक भागाच्या नोंदीमुळे गाळ्यातील उद्योजकालाही मोठ्या ग्राहकासमोर आकड्यांनिशी बाजू मांडता येऊ लागली. मात्र ती नोंद कॅलिब्रेशनच्या अखंड साखळीने प्रमाणाशी जोडलेली असेल, तरच तिला किंमत आहे. ही साखळी जपणारा, फिक्स्चरमधील बारीक कीस ओळखणारा आणि संशयास्पद आकडा पुन्हा तपासणारा माणूस आजही आवश्यक आहे. तपासनिसाचे काम संपलेले नाही, तर भाग मोजण्याऐवजी मोजणाऱ्या यंत्राची पारख करणे, असे त्याचे स्वरूप झाले आहे. तांत्रिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमांनी या बदलाची दखल घेणे अगत्याचे आहे.