ताणावरची संत्री

काटोलकडचे आमचे आजोबा मे महिन्यात संत्र्याचं ओलीत बंद करत. माती भेगाळे, पानं सुरळी होऊन मलूल पडत. मृगाचा पाऊस आला, की तीच झाडं पांढऱ्या फुलांनी लदबदत. हे फळ नागपुरात दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी आणवलं, असं सांगतात. ताणाची ही रीत मला त्याइतकीच थोर वाटते. ताणात पालवी थांबते, पण पानं साखर करत राहतात, ती पिष्टरूपाने फांद्या-मुळांत साठते. पाणी मिळताच पिष्टाची साखर होते आणि सालीतल्या बारीक नळ्यांतून कळ्यांकडे जाते. पुढे फळही याच वाटेने गोड होतं. म्हणून देठ तुटला, की आवक संपली! केळ्यासारखा पिष्टाचा साठा संत्र्यात नसतो. कच्चं तोडलेलं संत्रं अढीत गोड होत नाही. व्यापारी कितीही घाई करो, आजोबा चव घेतल्याशिवाय तोडा सुरू करत नसत.