मृत्यूची फिर्याद

आमच्या घरातील एका मावशींचा रस्त्यावरील अपघातात अंत झाला, आणि काही महिन्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करावयाच्या अर्जाचे कागद आमच्यासमोर आले. नाव, वय, पत्ता हे रकाने भरून झाले. 'मृताचा व्यवसाय' येथे वकिलांनी सवयीने 'घरकाम' लिहावयास सांगितले. पुढचा रकाना मासिक उत्पन्नाचा होता. तेथे तेही क्षणभर थांबले. चाळीस वर्षे जिच्या हातावर एक घर चालले, तिच्या नावापुढे कोणता आकडा लिहावयाचा? हा रकाना आला कोठून, या प्रश्नाने आम्हांस इतिहासाकडे नेले. साहित्याच्या अभ्यासकाने कायद्याच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. शोकाला भाषा देणे हा जर साहित्याचा प्रांत असेल, तर शोकाला कोणती भाषा नाकारली गेली हे पाहणेही त्याच प्रांतात येते, असे आम्हांस वाटते.

आरंभ इंग्लंडमधील १८०८ सालच्या 'बेकर विरुद्ध बोल्टन' या खटल्यापासून करावा लागतो. एक मद्यगृहचालक आणि त्याची पत्नी प्रवासी घोडागाडीच्या टपावर बसून चालले असता गाडी उलटली. पत्नी जबर जखमी झाली आणि सुमारे महिन्याभराने इस्पितळात वारली. मद्यगृहाच्या कारभारात तिची मोठी मदत होती, असे पतीचे म्हणणे होते. लॉर्ड एलनबरो यांनी ज्यूरीला सांगितले, की पतीला झालेली इजा आणि पत्नीच्या मृत्यूच्या क्षणापर्यंत तिच्या सहवासाला तो मुकला ते नुकसान, एवढेच विचारात घ्यावे. कारण माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रारीची बाब होऊ शकत नाही. शंभर पौंड मिळाले ते त्या एका महिन्याचे. ती गेली त्या क्षणी कायद्याच्या लेखी पतीचे नुकसान संपले! या नियमाचा व्यावहारिक अर्थ भयंकर होता: माणसाला जायबंदी करणाऱ्यास भरपाई द्यावी लागे, ठार करणाऱ्यास ती माफ होती.

मृत्यूबद्दल दंडच नव्हता असे मात्र नाही. 'डिओडँड' नावाची एक मध्ययुगीन प्रथा तेव्हाही शिल्लक होती. ज्या वस्तूमुळे मृत्यू घडला ती वस्तू, किंवा तिची किंमत, 'देवाला द्यावयाची' म्हणून राजसत्तेकडे जमा होई. बैल, गाडीचे चाक, विहिरीचा रहाट येथपर्यंत हे ठीक होते. पण आगगाडी आली आणि प्रथेचा अर्थच बदलला. २४ डिसेंबर १८४१ रोजी रेडिंगजवळच्या सॉनिंग येथे खचलेल्या मातीवर गाडी आदळून उघड्या डब्यांतून प्रवास करणारे कामगार मेले. ज्यूरीने इंजिनावर व डब्यांवर एक हजार पौंडांचा डिओडँड बसविला. पुढे तो रद्द झाला. झाला नसता तरी त्यातील एका पैवरही विधवांचा हक्क नव्हता. अखेर १८४६ साली पार्लमेंटने डिओडँड मोडीत काढला आणि त्याच वर्षी लॉर्ड कॅम्पबेल यांचा प्राणघातक अपघातांविषयीचा कायदा संमत केला. पत्नी, पती, आईबाप आणि मुले यांना आता दावा लावता येऊ लागला.

परंतु दार उघडले ते अर्धेच. १८५२ सालच्या 'ब्लेक विरुद्ध मिडलंड रेल्वे' या निकालाने ठरविले, की भरपाई केवळ आर्थिक हानीची. विधवेच्या मानसिक यातनांची नव्हे. आमच्या अर्जातील तो रकाना या निकालाचा वंशज आहे. गेलेला माणूस कायद्याच्या लेखी आता होता, पण मिळकतीच्या रूपाने.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि दोन वर्षांच्या आत, २७ मार्च १८५५ रोजी, कंपनी सरकारच्या अमदानीत तोच कायदा हिंदुस्थानात लागू झाला. नातलगांची यादीही तीच राहिली. येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. मराठीत 'कुटुंब' म्हणजे चुलते, दीर, भावजय, पुतण्यांसह नांदते घर. आणि जुन्या बोलण्यात 'आमचे कुटुंब' म्हणजे पत्नी. एक अर्थ यादीहून फार मोठा, दुसरा फार लहान! एकत्र घरातील धाकट्या भावाला कर्त्या भावाच्या मृत्यूबद्दल या यादीत जागा नव्हती. आणि १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट फोडताना अपघातांनी व पटकीने जे मजूर मेले, त्यांच्या बायकामुलांनी कोर्टाची पायरी चढावी तरी कशाच्या बळावर? मालकाचा दोष सिद्ध न करताही कामगाराच्या कुटुंबास भरपाई मिळावी हे तत्त्व येथे कायद्यात येण्यास १९२३ साल उजाडावे लागले.

जिवाची किंमत लावणे ही पाश्चात्त्यांचीच रीत, असे समजण्याचे कारण नाही. आपस्तंब धर्मसूत्रात क्षत्रियाच्या वधाबद्दल हजार गाई, वैश्याच्या शंभर आणि शूद्राच्या दहा, असे वैर फेडण्याचे माप सांगितले आहे. त्या गाई मृताच्या आप्तांना द्यावयाच्या की ब्राह्मणांना, याविषयी मतभेद आहेत; मापाविषयी ते नाहीत. आधुनिक कायद्याने वर्ण काढून टाकला आणि त्या जागी पगार ठेवला. अधिकारी मेला तर लाखो, मजूर मेला तर हजारो. हे अंतर हजार गाई आणि दहा गाई यांतील अंतरापेक्षा अधिक न्याय्य आहे काय, याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. घर उघड्यावर पडू नये हा हेतू असेल तर मिळकत मोजावीच लागते. मात्र मोजता मोजता मिळकत म्हणजेच माणूस असे होऊन बसते.

मोटार वाहन कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने न्यायाधिकरणे आली. १९८७ साली गुजरात राज्य मार्ग परिवहनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भावाचाही दावा मान्य केला, आणि तसे करताना भारतीय घरात भावंडे व त्यांची मुले एकत्र राहतात हे वास्तव नोंदविले. म्हणजे 'कुटुंब' या शब्दाचा आपला अर्थ कायद्याला उमगण्यास १३२ वर्षे लागली.

गृहिणीचा प्रश्न त्याहून चिवट ठरला. १९९४ साली जोडलेल्या परिशिष्टात न कमावणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एकतृतीयांश धरले होते. जमशेदपूर येथील १९८९ च्या आगीतील मृतांविषयी 'लता वाधवा' खटल्यात २००१ साली न्यायालयाने गृहिणींच्या सेवेचे मूल्य महिना ३००० रुपये धरले. २०१० च्या 'अरुणकुमार अगरवाल' निकालात न्यायमूर्ती गांगुली यांनी २००१ च्या जनगणनेवर बोट ठेवले: तिने गृहिणींना भिकारी, कैदी यांच्यासमवेत अनुत्पादक वर्गात घातले होते. १८०८ सालच्या त्या मद्यगृहचालकाची पत्नी दोनशे वर्षांनी न्यायालयात पुन्हा उभी राहिली, ती अशी.

आणि शोक? २०१७ च्या 'प्रणय सेठी' निकालाने पतिपत्नीच्या सहवासाच्या हानीसाठी ४०,००० रुपये ठरविले. २०१८ मध्ये तेच आईबाप व मुलांनाही लागू झाले. रक्कम किरकोळ आहे आणि सर्वांना सारखी आहे. आमच्या मते तिचे मोल या सारखेपणातच आहे. मिळकतीच्या रकान्यात अधिकारी व मजूर वेगळे पडतात. सहवासाच्या रकान्यात राजाची राणी आणि हमालाची बायको एकाच ओळीत येतात.

मावशींच्या अर्जात अखेर वकिलांनी सुचविलेला आकडा आम्ही लिहिला. तो खोटा नव्हता, आणि खराही नव्हता. परंतु रकाना कोरा ठेवला असता तर एलनबरो यांचेच म्हणणे आम्ही मान्य केल्यासारखे झाले असते, की ती गेली त्या क्षणी आमचे काही गेले नाही.