कॉकपिट स्विच जोडणी (घरगुती फ्लाइट सिम्युलेटर)

घरी उभारलेल्या फ्लाइट सिम्युलेटरमधील खरे टॉगल, पुश-बटणे व रोटरी स्विच संगणकाला जोडून त्यांना विमानातील कार्ये नेमून देण्याची पद्धत. बोइंग ७३७ चे ओव्हरहेड पॅनेल हा हौशी कारागिरांचा लाडका नमुना.

साध्या जोडणीत स्विचचे एक टोक सामाईक ग्राउंडला आणि दुसरे मायक्रोकंट्रोलरच्या पिनला जाते. आतला पुल-अप रोध पिनेवर व्होल्टेज राखतो. स्विच चालू होताच ते शून्यावर येते. स्विच वाढले की पिना अपुऱ्या पडतात. मग ओळी-स्तंभांची मॅट्रिक्स कामी येते: ८ × ८ मांडणीत १६ पिनांवर ६४ स्विच बसतात. मात्र प्रत्येक स्विचला १एन४१४८ सारखा डायोड हवाच. नाहीतर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरचे स्विच चालू असताना चौथाही चालू असल्याचा भास होतो. कॉकपिटमध्ये अनेक टॉगल सतत चालूच असतात, म्हणून ही खबरदारी टाळून चालत नाही.

संपर्क जुळताना काही मिलिसेकंद होणारी थरथर सॉफ्टवेअरमध्ये गाळतात.

आर्डुइनो लिओनार्डो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड यूएसबीवरून थेट जॉयस्टिक म्हणून काम करू शकतो. मोबीफ्लाइट या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमध्ये स्विच दाबणे आणि सोडणे यांना वेगवेगळ्या आज्ञा देता येतात. त्यामुळे लँडिंग लाइटचा खरा टॉगल आणि पडद्यावरचा स्विच एकाच स्थितीत राहतात.