करवतीचा कुंचला : कापूस-यंत्राच्या इतिहासातील एक दुर्लक्षित अवयव

सरकी काढण्याच्या अमेरिकन यंत्राचा इतिहास सांगताना इतिहासकारांची दृष्टी बहुधा त्याच्या दातांवरच खिळून राहते. एलाय व्हिटनीने लाकडी रुळावर तारांचे दात बसविले, होजेन होम्सने त्यांच्या जागी करवतीच्या चकत्या आणल्या, आणि ह्या दोहोंत खरा शोध कोणाचा, हा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. तथापि दात हे अर्धेच यंत्र होय. कापसात शिरून तंतू ओढून आणणे हे त्यांचे काम; आणलेला तंतू आपण होऊन सोडून देणे त्यांना साधत नाही. रूई दातांतच अडकून राहिली, तर चकतीच्या पुढच्या फेऱ्यात ती पुन्हा कापसाच्या राशीत जाते, तुटते, तिच्या गाठी होतात, आणि अखेर दात भरून जाऊन यंत्र तुंबते. म्हणून दात प्रत्येक फेऱ्यात स्वच्छ करणारे काही साधन असल्यावाचून हे यंत्र चालणेच शक्य नव्हते. ते साधन म्हणजे करवतींच्या मागे फिरणारा कुंचल्यांचा रूळ.

दोन रुळांच्या चिमटीत कापूस धरून सरकी मागे ठेवणारी चरकी हिंदुस्थानात फार प्राचीन काळापासून प्रचारात होती, आणि त्याच तत्त्वावरील रुळांची यंत्रे अमेरिकेच्या दक्षिण भागातही व्हिटनीपूर्वी चालू होती. समुद्रकाठच्या लांब धाग्याच्या कापसाची सरकी गुळगुळीत व काळी असल्यामुळे ती अशा यंत्रातून सहज सुटे. अंतर्भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची हिरवट सरकी मात्र लवेने वेढलेली असे. अडचण होती ती ह्या दुसऱ्या कापसाची. येल येथून १७९२ मध्ये पदवी घेऊन जॉर्जियात आलेला व्हिटनी सव्हाना शहराजवळच्या मलबेरी ग्रोव्ह ह्या मळ्यावर राहिला आणि तेथे त्याने ह्या प्रश्नाला हात घातला. १४ मार्च १७९४ रोजी त्याला पेटंट मिळाले. तत्पूर्वी नोव्हेंबर १७९३ मध्ये परराष्ट्रमंत्री जेफरसन ह्याने त्याला लिहिलेल्या पत्रात सरकारी औपचारिकतेबरोबर यंत्र कितपत पारखले आहे, त्याला माणसे किती लागतात, अशी चौकशीही आहे. जेफरसनला ते स्वतःच्या घरच्या कापसासाठी हवे होते.

व्हिटनीने आपल्या यंत्राचे पाच भाग सांगितले आहेत : सांगाडा, दातांचा रूळ, फटी असलेला कठडा, साफ करणारा रूळ आणि कापूस भरण्याची पेटी. चौथा भाग येथे विशेष पाहण्याजोगा आहे. कुंचल्यांचा रूळ दातांच्या रुळाच्या उलट दिशेने फिरतो. दोन शेजारचे रूळ परस्परविरुद्ध फिरले, की जेथे ते एकमेकांना भिडतात तेथे त्यांचे पृष्ठभाग एकाच दिशेने सरकत असतात. साहजिकच कुंचल्याचा वेग दातांइतकाच असता, तर तो त्यांच्या बरोबर नुसता चालला असता. झाडणे घडलेच नसते. त्याला दातांपेक्षा वेगाने फिरावे लागते. दात फिरण्याच्या दिशेकडे झुकलेले असतात, तंतू त्यांच्या पुढल्या अंगाला अडकलेले असतात, आणि मागून वेगाने येणारे केस त्यांना त्याच दिशेने पुढे ढकलून सोडवितात. उलट दिशेने घासले असते, तर तंतू दाताच्या बेचक्यात अधिकच रुतून बसले असते. शिवाय वेगाने फिरणारा हा रूळ पंख्यासारखा वारा घालतो आणि सुटलेली रूई यंत्रापासून दूर फेकतो. एका अवयवाकडून अशी दोन कामे करून घेण्यात व्हिटनीची बुद्धी दातांच्या रचनेपेक्षाही अधिक दिसते, असे म्हणावयास हरकत नाही.

हा कुंचला सुचला कोणाला? मलबेरी ग्रोव्हची मालकीण, जनरल नथॅनिएल ग्रीन ह्याची विधवा कॅथरिन ग्रीन, हिने दातांत अडकलेली रूई पाहून चुलीजवळची झाडणी उचलून दाखविली, अशी आख्यायिका आहे. मटिल्डा जॉस्लिन गेज ह्या लेखिकेने १८७० मध्ये व पुन्हा १८८३ मध्ये श्रेय ग्रीनबाईंना दिले. परंतु तिच्या कथनात मुद्दा वेगळा आहे : लाकडी दात निकामी ठरल्यावर बाईंनी तारांचे दात सुचविले, असे ती म्हणते. एकाच प्रसंगाच्या दोन परंपरांत सुचविलेली वस्तूच बदलत असेल, तर त्यांतील कोणतीही जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. पण दोन्ही टाकाऊ मानणेही घाईचे ठरेल. त्या काळी पेटंट घेणारा पुरुष, आणि ज्या घरात त्याने काम केले त्या घराची स्वामिनी स्त्री, अशी स्थिती असता कागदावर एकच नाव उरणे स्वाभाविक होते. मळ्यावरील गुलामांपैकी ज्यांचे हात रोज सरकीवर पडत, त्यांच्या अनुभवाचा ह्या शोधात काही वाटा होता काय, हा प्रश्न तर आख्यायिकेनेही विचारलेला नाही. त्यातच डिसेंबर १८३६ मध्ये पेटंट कचेरीला लागलेल्या आगीत मूळ कागद नष्ट झाले.

ऑगस्टा येथील होम्सने १२ मे १७९६ रोजी करवतीच्या यंत्राचे पेटंट घेतले. तारा वाकत, निसटत. पत्र्यातून कापलेले दात टिकत. १८०७ मध्ये न्यायाधीश विल्यम जॉन्सन ह्याने व्हिटनीच्या बाजूने निर्णय दिला आणि होम्सची सुधारणा प्रशंसनीय असली, तरी ती तीच वस्तू अधिक सोयीने बनविण्याची रीत आहे, असे मत मांडले. लक्षणीय गोष्ट ही, की दातांवरून एवढा कलह झाला, तरी करवतीच्या यंत्रातही मागे कुंचल्यांचा रूळ फिरतच राहिला. व्हिटनीचा विजय मात्र पोकळ ठरला. मुदत संपत आली होती, आणि १८१२ मध्ये काँग्रेसने ती वाढवून देण्यास नकार दिला.

यंत्राचे परिणाम कोर्टाची वाट पाहत थांबले नव्हते. अमेरिकेची कापसाची निर्यात १७९३ मध्ये सुमारे पाच लाख पौंड होती. १८०० मध्ये ती पावणेदोन कोटींवर गेली. १७९० च्या शिरगणतीत तेथे सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये सुमारे साडेएकोणचाळीस लाख. सरकी काढण्याचे श्रम वाचले. परंतु पेरण्याचे, खुरपण्याचे व वेचण्याचे श्रम माणसांच्याच हातांनी व्हावयाचे होते आणि ते अनेक पटींनी वाढले.

हे यंत्र मुंबई इलाख्यातही आले. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकन मळेवाले हिंदुस्थानात आणले, त्यांच्या प्रयोगांपैकी धारवाडचा प्रयोग जमला. न्यू ऑर्लिन्सचे वाण तेथील जमिनीला मानवले. सपाट दगडावर कापूस पसरून लोखंडी सळई पायांनी फिरविण्याची जुनी रीत त्या चिवट सरकीपुढे अपुरी पडू लागली, म्हणून करवतीची यंत्रे बांधण्याचा व दुरुस्त करण्याचा सरकारी कारखाना धारवाडला निघाला. 'सॉ-जिन्ड धारवाड' ही बाजारातील स्वतंत्र जात ठरली. परंतु करवती व कुंचले ही झिजणारी वस्तू आहे. केस झडलेल्या कुंचल्याने दात साफ होत नाहीत, आणि साफ न झालेले दात धागा तोडतात. दुरुस्तीची सोय जवळ असेल तेथवरच असे यंत्र नीट चालते.

देशी आखूड धाग्याला करवतीचा ओरखडा मुळातच सोसणारा नव्हता. त्यामुळे हिंदुस्थानात पुढे पसरले ते दुसरेच यंत्र. अलाबामातील फोन्स मॅकार्थी ह्याने १८४० मध्ये पेटंट घेतलेल्या ह्या यंत्रात चामड्याचा खरखरीत रूळ तंतू ओढतो, एक पाते स्थिर राहते, दुसरे सरकीला ठोकरते. दात नाहीत, म्हणून ते झाडणारा कुंचलाही नाही. खानदेश-वऱ्हाडात कापसाच्या पेठा वाढल्या, त्या ह्याच जातीच्या यंत्रांवर. इंग्रजीत 'एंजिन' शब्द आखडून 'जिन' झाला. मराठीने तो 'जीन' म्हणून घेतला आणि यंत्राबरोबर कारखान्यालाही लावला. मात्र अमेरिकेत ज्या दातेरी यंत्राने त्या शब्दाला प्रसिद्धी दिली, ते वऱ्हाडी शेतकऱ्याच्या 'जिना'त क्वचितच होते.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी कुंचल्याऐवजी वाऱ्याच्या झोताने दात साफ करणारी यंत्रे पुढे आली. झोताला झिजणारे केस नसतात, हा त्याचा मोठा लाभ. तरीही कुंचला हटला नाही. डुकराच्या केसांच्या जागी कृत्रिम धागे आले, आणि आजच्या वेगवान यंत्रांतही करवतीच्या मागे तोच रूळ, उलट दिशेने व करवतीच्या कडेपेक्षा अधिक वेगाने, फिरत आहे.