देवगडचा आमदार : एका मतदारसंघाचा उदय आणि अस्त

देवगड या नावाने विधानसभेची शेवटची निवडणूक २००४ साली झाली. पुढच्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ रद्द झाला आणि तालुका कणकवली मतदारसंघात समाविष्ट करण्यात आला. विजयदुर्गच्या खाडीपासून आचऱ्याच्या खाडीपर्यंत पसरलेला हा कातळ आणि किनाऱ्याचा मुलूख. हापूसची कलमे आणि मासेमारी हे त्याच्या पोटापाण्याचे दोन आधार, तिसरा आधार मुंबईहून येणारी मनीऑर्डर. इथल्या लोकप्रतिनिधीचे काम या तिन्हींनी ठरवले आणि मतदारसंघाचे भवितव्य त्यांतल्या तिसऱ्याने.

ब्रिटिश काळात देवगड हा रत्नागिरी जिल्ह्याचा तालुका होता आणि मतदानाचा हक्क मालमत्ता, शेतसारा किंवा शिक्षण असणाऱ्यांपुरता मर्यादित होता. किनाऱ्यावरचा खलाशी आणि डोंगरातले कूळ बहुतांशी मतदार यादीबाहेरच होते. तरीही या भागाचा सर्वांत मोठा प्रश्न विधिमंडळात पोहोचला. तो खोतीचा. खोत हा सरकार आणि कुळे यांच्या मध्ये बसून सारा वसूल करी. गावातली जमीन कोणी कसायची, किती मक्ता द्यायचा आणि वेठीला कोणी राबायचे, यांवर त्याची सत्ता चाले. १८८० च्या खोती कायद्याने या व्यवस्थेला चौकट दिली, पण कुळांची सुटका केली नाही. भंडारी समाजाचे नेते सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलमध्ये कोकणातल्या कुळांची बाजू मांडली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ४ ऑगस्ट १९२३ चा ठरावही त्यांचाच.

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये १७५ जागांची मुंबई विधानसभा निवडली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने ही निवडणूक लढवली आणि अनंत चित्रे व शामराव परुळेकर हे पक्षाचे उमेदवार रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक सभागृहात मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून गेले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात विधेयक पुढे सरकले नाही. खोती संपवणारा कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली. आमदाराचे काम रस्ते आणि धक्के मंजूर करून आणण्यापुरते नसते, हे दक्षिण कोकणाला या लढ्याने दाखवले. या किनाऱ्याच्या राजकारणाचा खरा आरंभ इथेच मानायला हवा.

१९५२ पासून प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत कोकणाने काँग्रेसला मोठा हादरा दिला. देवगड ज्या राजापूर लोकसभा मतदारसंघात होते, तिथून १९५७, १९६२ आणि १९६७ साली बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. त्यांच्यानंतर १९७१ ते १९८९ या काळात मधू दंडवते सलग पाच वेळा विजयी झाले. लोकसभेला समाजवाद्यांचा बालेकिल्ला असलेल्या या टापूत विधानसभेसाठी मात्र निराळा माणूस उभा राहिला, तो म्हणजे आप्पासाहेब गोगटे.

जनार्दन मोरेश्वर गोगटे हे त्यांचे पूर्ण नाव. जनसंघाच्या परंपरेतले हे कार्यकर्ते भारतीय जनता पक्षाचे देवगडचे आमदार झाले. १९९० आणि १९९५ या दोन्ही निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९८९ मध्ये राजापूरने दंडवत्यांना दिल्लीला पाठवले आणि वर्षभराच्या आत त्याच मुलखातल्या देवगडने भाजपला मत दिले. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. चार गावांत ओळख असलेला, बागायतदाराच्या आणि कोळ्याच्या ओटीवर बसून बोलणारा माणूस मतदाराला आमदार म्हणून हवा असे, आणि लोकसभेचा हिशेब तो वेगळा ठेवी. १९९५ मध्ये राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, तेव्हा देवगडचा आमदार पहिल्यांदाच भाजपच्या सत्ताधारी बाकावर बसला.

१९८० च्या दशकापासून आमदाराच्या कामाचे स्वरूपही बदलत गेले. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि कामासाठी रत्नागिरी गाठणे संपले. १९९० च्या सुमारास रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड शंभर टक्के अनुदानावर सुरू झाली आणि पड कातळावर सुरुंग लावून कलमे उभी राहिली. आंबा वाढला, तसे दलालाचे, वाशीच्या बाजारातल्या दराचे आणि अवकाळी पावसाच्या भरपाईचे प्रश्न विधानसभेत येऊ लागले. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने बागायतदारांना एकत्र आणले. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या नोंदणीकृत धारकांत ही संस्था आहे. या संस्थेच्या कामाशी निगडित असलेले अॅड. अजित गोगटे २००४ मध्ये भाजपकडून देवगडचे आमदार झाले. या नावाच्या मतदारसंघाचे ते शेवटचे प्रतिनिधी. त्यांच्या कारकिर्दीत गिर्ये-मुणगे परिसरात ४,००० मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प प्रस्तावित झाला. बागायतदारांच्या विरोधामुळे तो उभा राहिला नाही. पुढे नाणार तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या यादीत गिर्ये आणि रामेश्वर ही देवगड तालुक्यातली गावे आली आणि २०१९ मध्ये त्या प्रकल्पाची अधिसूचनाही रद्द झाली. प्रकल्प आला की आमदाराची खरी परीक्षा होते, कारण सरकार आणि बाग यांच्यामध्ये उभे राहण्याची पाळी त्याच्यावरच येते.

जुन्या रचनेत सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण आणि देवगड हे राज्याच्या यादीतले पहिले चार मतदारसंघ होते. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या पुनर्रचनेत सिंधुदुर्गाचे चार मतदारसंघ तीन झाले. क्रमही उलटला आणि देवगड, कणकवली व वैभववाडी हे तीन तालुके मिळून क्रमांक २६८ चा कणकवली मतदारसंघ बनला. यामागे पक्षीय कारस्थान नव्हते, लोकसंख्या होती. पिढ्यान्‌पिढ्या गिरणीत, गोदीत आणि कार्यालयांत गेलेला चाकरमानी गणतीत मुंबईकर ठरला. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. गणपतीला भरणारे घर जनगणनेला रिकामे असते.

नव्या मतदारसंघाची पहिली निवडणूक २००९ ची. भाजपचे प्रमोद जठार अवघ्या ३४ मतांनी निवडून आले. २०१४ मध्ये काँग्रेसचे नितेश राणे जिंकले, २०१९ आणि २०२४ मध्ये तेच भाजपकडून विजयी झाले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्याकडे मत्स्यव्यवसाय आणि बंदरे ही खाती आली. मासेमारी बंदराचा हा तालुका ज्या मतदारसंघात आहे, त्याच्या आमदाराकडे ही दोन खाती एकाच वेळी असणे देवगडसाठी महत्त्वाचे आहे आणि त्याचा हिशेब मच्छीमारांनी मागायला हवा. मतदारसंघांची पुढची पुनर्रचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर अवलंबून आहे आणि त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.