वृश्चिकातले ‘छिद्र’ आणि धुळीआडच्या दीर्घिका

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावरला, जगाची रचना समजावून सांगणारे एक मराठी नाटक लिहिले गेले. त्याचे नाव ‘देवेंद्र कुरवंजी’, कर्ते दुसरे सरफोजी राजे. गावोगाव फिरून भविष्य सांगणारी स्त्री हे तमिळ कुरवंजी नाट्यातले ठरलेले पात्र. सरफोजींनी तिच्या तोंडी पृथ्वीचा भूगोल आणि सूर्यकेंद्री ग्रहमाला घातली. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. राजांच्या हाती उरला तो किल्ला आणि त्यातला ग्रंथसंग्रह. त्या संग्रहाचे त्यांनी काय केले, हे सरस्वती महाल पाहिलेल्यांना सांगायला नको.

सरफोजींच्या राज्यारोहणानंतर दोनच वर्षांनी, १८०० साली, इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाश फाकवला आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगापलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथेही पारा चढला. अवरक्त किरणांचा हा शोध. याच हर्शेलने १७८५ मध्ये वृश्चिक राशीत ताऱ्यांविना काळा पडलेला एक पट्टा नोंदवला होता आणि ते आकाशाला पडलेले छिद्र मानले होते. (इंग्लंडमधून हा भाग क्षितिजापासून पंधरा अंशांच्या आसपासच वर येतो. तंजावरच्या शेतकऱ्याला तो पन्नास अंशांहून उंच, निवांत पाहता येतो.) ते छिद्र नव्हते. दाट धुळीचा ढग होता, आणि त्याच्या पोटात तारे जन्मत होते. ते पाहण्याचे साधन हर्शेलनेच शोधलेले किरण ठरणार होते. या योगायोगाचे मला नेहमी नवल वाटते.

ताऱ्यांमधल्या अवकाशात प्रकाश शोषणारी धूळ आहे, हे रॉबर्ट ट्रम्पलरने १९३० मध्ये निर्विवाद दाखवले. शोषलेली ऊर्जा मात्र नाहीशी होत नाही. कावेरीकाठच्या भातगावांत तुसाचा धुमसता ढीग ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे पटकन उमगेल: वर करडी राख, ज्वाळेचा मागमूस नाही, पण हात जवळ नेला की धग लागते. फरक एवढाच की दीर्घिकांतील ही धूळ निरपेक्ष ३० ते ६० अंशांची, म्हणजे शून्याखाली दोनशे अंश सेल्सियसहूनही थंड असते. तिची ‘धग’ ६० ते १०० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास बाहेर पडते, आणि आपल्या वातावरणातली वाफ ती जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही.

म्हणून वर जाणे भाग होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटर व्यासाची दूरअवरक्त दुर्बीण बांधली आणि हैदराबादहून बलूनने ती सुमारे ३० किलोमीटर उंचीवर नेली. द्रव हीलियमने थंड केलेल्या शोधकांनी तिने मुख्यतः आपल्याच दीर्घिकेतील ताऱ्यांची जन्मस्थाने मोजली. दूरच्या दीर्घिकांत जे अफाट प्रमाणावर घडते त्याचे भौतिकशास्त्र अशा जवळच्या ढगांतच तपासता येते. आपल्याकडच्या विज्ञानलेखनात या कामाचा उल्लेख फार क्वचित होतो.

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटनचा आयरास उपग्रह उडाला. दुर्बीण अवघी ५७ सेंटिमीटरची, आयुष्य दहा महिन्यांचे. पण जवळजवळ सारे आकाश तिने अवरक्तात पाहिले. तेव्हा लक्षात आले की दृश्य प्रकाशात मंद, विस्कटलेल्या दिसणाऱ्या काही दीर्घिका अवरक्तात सूर्याच्या दहा हजार कोटी पटींहून अधिक ऊर्जा फेकत आहेत. या ‘तेजस्वी अवरक्त दीर्घिका’. एक लाख कोटींचा टप्पा ओलांडणाऱ्या ‘अतितेजस्वी’. त्यांतली सर्वांत परिचित आर्प २२०, सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षे दूर. दोन दीर्घिकांच्या टकरीतून ती घडत आहे आणि तिची दोन केंद्रके एकमेकांपासून जेमतेम १२०० प्रकाशवर्षांवर आली आहेत.

एवढी ऊर्जा येते कुठून? १९८८ मध्ये डेव्हिड सँडर्स आणि सहकाऱ्यांनी एक क्रम मांडला. वायूने भरलेल्या दोन दीर्घिका धडकतात. वायू केंद्राकडे कोसळतो. ताऱ्यांच्या जन्माचा भडका उडतो. मधले कृष्णविवर पोसले जाते. अखेर धूळ उडून जाते आणि क्वेसार उघडा पडतो. कल्पना देखणी होती, वाद तितकाच तिखट झाला: धुळीआड तारे आहेत की कृष्णविवर? १९९८ मध्ये राइनहार्ड गेंझेल यांच्या गटाने आयसो उपग्रहाच्या वर्णपटांवरून दाखवले की तपासलेल्या अतितेजस्वी दीर्घिकांपैकी बहुतेकींत तारेच वरचढ आहेत. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील के. आर. अनंतरामय्या आणि सहकाऱ्यांनी धूळ अडवू शकत नाही अशा रेडिओ लहरी निवडल्या. आर्प २२० मधील हायड्रोजनच्या रेषांवरून २००० साली त्यांनी हिशेब केला: दरवर्षी सुमारे २४० सूर्यांच्या वस्तुमानाइतके नवे तारे. आपल्या आकाशगंगेत हा आकडा एक-दोन सूर्यांच्या घरात आहे.

आज आपल्या आसपास अशा दीर्घिका विरळ आहेत. पूर्वी तसे नव्हते. २००३ मध्ये सोडलेल्या स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दिसले की पावणेआठशे कोटी वर्षांपूर्वी विश्वातील निम्म्याहून अधिक ताऱ्यांचा जन्म तेजस्वी अवरक्त दीर्घिकांतच होत होता. इथे सँडर्स यांचा क्रम अपुरा पडतो. त्या काळच्या अनेक दीर्घिकांना टक्कर लागलीच नव्हती. त्या साध्या चकत्या होत्या, फक्त आजच्यापेक्षा कितीतरी अधिक वायू बाळगणाऱ्या. तेज तेवढेच, कारण वेगळे. म्हणून ‘तेजस्वी अवरक्त दीर्घिका’ हा शब्द मला एखाद्या जातीच्या नावापेक्षा तापमापकावरच्या खुणेसारखा वाटतो: पारा कुठवर चढला ते तो सांगतो, कशाने चढला ते नाही.