सोळा मिलिसेकंदांची लढाई: लढाऊ विमानांचे खेळ आणि संगणकाचा वेग

१.
कळंबच्या उत्तरेला आणि अर्नाळ्याच्या दक्षिणेला राजोडीचा किनारा आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे लढाऊ विमान वसईच्या किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंतचा सारा किनारा सुमारे एका मिनिटात मागे टाकेल. राजोडी तर काही क्षणांत सरेल. हेच उड्डाण संगणकाच्या पडद्यावर घडवायचे असेल, तर यंत्राला त्या काही क्षणांत नेमके काय करावे लागते? या प्रश्नाचा इतिहास सुमारे नव्वद वर्षांचा आहे आणि त्यातील एक धागा मुंबई-पुण्यातूनही जातो.

२.
आधी गणित. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. पडद्यावर सेकंदाला ४ चित्रे उमटत असतील, तर दोन चित्रांमध्ये विमान ६२ मीटर पुढे गेलेले असते. सेकंदाला ६० चित्रे उमटली, तर हे अंतर जेमतेम ४ मीटर उरते. प्रत्येक चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. ६० फ्रेमसाठी यंत्राला दर फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद मिळतात. हवेचा दाब, इंजिनाचा जोर, शत्रूची चाल, क्षेपणास्त्राचा मार्ग, खालचा समुद्र आणि किनारा हे सर्व तेवढ्यात मांडून व्हावे लागते.

३.
विरार लोकलने प्रवास करणाऱ्याला हा हिशेब वेगळा समजवावा लागत नाही. एक मिनिट उशीर झाला म्हणून गाडी एक मिनिट थांबत नाही, पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते. पडद्याचेही तसेच आहे. ६० हर्ट्‌झच्या पडद्याशी ताळमेळ राखून चित्रे दाखवायची असतील, तर १६.७ ऐवजी १७.७ मिलिसेकंदांत तयार झालेले चित्र पुढच्या खेपेला, म्हणजे ३३.३ मिलिसेकंदांनी दिसते. चुकलेला एक मिलिसेकंद सोळाला महाग पडतो.

४.
उशिरा दिसणारे चित्र केवळ डोळ्यांना खुपते असे नाही. वैमानिक दांडा हलवतो, परिणाम दिसत नाही, म्हणून तो अधिक हलवतो. तोवर पहिला परिणाम उमटतो आणि मग तो उलट दिशेने ओढतो. विमान वर-खाली हेलकावत राहते. खऱ्या विमानांतही हा दोष प्राणघातक ठरू शकतो. मंद सिम्युलेटर हाताला चुकीची सवय लावतो. म्हणूनच या क्षेत्रात वेगाचा प्रश्न हौसेपुरता कधीच नव्हता.

५.
आरंभी संगणक नव्हताच. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे वडिलांच्या ऑर्गन व पियानोच्या कारखान्यात वाढलेल्या एडविन लिंकने १९२९ मध्ये हवेच्या भात्यांवर डुलणारा प्रशिक्षक तयार केला. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याकडे विमानटपालाचे काम आले. खराब हवामानात वैमानिक मृत्युमुखी पडू लागले, तेव्हा सैन्याने हे यंत्र विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात अशा हजारो पेट्यांत बसून वैमानिक केवळ उपकरणे पाहून उडायला शिकले.

६.
१९४४ मध्ये अमेरिकी नौदलाने एमआयटी या संस्थेकडे एक मोठे काम सोपवले. कोणत्याही विमानाचे वर्तन दाखवू शकेल असे एकच प्रशिक्षणयंत्र हवे होते. जे फॉरेस्टर यांच्या चमूला लवकरच उमगले की यासाठी अंकीय संगणक लागेल आणि त्याने वैमानिकाच्या हालचालीला तत्क्षणी उत्तर द्यावे लागेल. पुढे विमानाचा भाग वगळला गेला, पण ‘व्हर्लविंड’ हा संगणक उभा राहिला. त्याची मूळ स्मृती मंद आणि बेभरवशाची होती. १९५३ मध्ये तिच्या जागी चुंबकीय कड्यांची स्मृती आली आणि यंत्राला खरा वेग लाभला.

७.
चुंबकीय कड्यांच्या स्मृतीचे हेच तत्त्व काही वर्षांत मुंबईत पोहोचले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र सिद्ध झाले, १९६० मध्ये पूर्ण आकाराचे यंत्र कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या एका लहानशा छायाचित्रालाही ती जागा पुरणार नाही. मात्र संशोधकांची गणिते त्यावर सुटत होती.

८.
घरगुती संगणकावर विमान उडवण्याचे श्रेय ब्रूस आर्टविक यांना जाते. त्यांच्या सबलॉजिक या कंपनीचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ १९८० च्या सुमारास अ‍ॅपल २ वर आला. त्या यंत्राचा ६५०२ प्रोसेसर सुमारे १ मेगाहर्ट्‌झवर चाले आणि त्याला गुणाकाराची आज्ञाच नव्हती! प्रत्येक गुणाकार बेरजा आणि अंकांच्या सरकवण्यांतून घडवावा लागे. त्रिमितीय चित्रासाठी तर बिंदूबिंदूला गुणाकार लागतात.

९.
यावर उपाय एकच होता: कमी मोजणे. जमीन म्हणजे रेषांच्या चौकोनांची जाळी आणि कडेला एक डोंगररांग. झाडे, घरे, सावल्या काहीही नाही. सेकंदाला मोजकीच चित्रे उमटत. तरीही त्या रेघोट्यांत पहिल्या महायुद्धातील हवाई झुंजीचा एक खेळ सामावला होता. लढाऊ सिम्युलेटरच्या इतिहासाचे सूत्र येथेच सापडते. काय मोजायचे यापेक्षा काय सोडून द्यायचे, हा निर्णय अधिक मोलाचा.

१०.
नोव्हेंबर १९८२ मध्ये आर्टविक यांचाच ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ आयबीएम पीसीवर आला. तो यंत्राच्या खोलवरच्या भागांशी थेट बोलत असे. त्यामुळे इतर कंपन्यांनी आयबीएमशी जुळणारे संगणक बनवले, तेव्हा ‘यावर फ्लाइट सिम्युलेटर चालतो का?’ ही त्यांची नित्याची कसोटी ठरली. त्या आवृत्तीच्या जगात अमेरिकेतील मोजकेच प्रदेश होते. राजोडी, वसई, मुंबई त्या जगात अस्तित्वातच नव्हती.

११.
१९९१ मध्ये स्पेक्ट्रम होलोबाइट कंपनीचा ‘फाल्कन ३.०’ आला आणि खेळाडूंना यंत्र उघडायला लावले. एफ-१६ च्या उड्डाणाचे सर्वांत अचूक प्रारूप निवडायचे, तर संगणकात मॅथ कोप्रोसेसर हवा. त्या काळच्या ३८६ प्रोसेसरला अपूर्णांकांची गणिते स्वतः करता येत नसत. एकेका गणितासाठी अनेक आज्ञा खर्ची पडत. ३८७ ही वेगळी चिप बसवली की ते काम तिच्याकडे जाई. ४८६ डीएक्स प्रोसेसरमध्ये हा भाग आतच होता.

१२.
दुसरी अडचण स्मृतीची. डॉस प्रणालीत कार्यक्रमांना मूळची ६४० किलोबाइट जागा मिळे, मग यंत्रात कित्येक मेगाबाइट स्मृती असो. माऊस, ध्वनी, डिस्क यांची चालक-सूत्रे त्यातच ठाण मांडून बसत. मोठ्या खेळांना सुमारे ६०० किलोबाइट मोकळे हवे असत. मग कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक या दोन फायलींतील ओळींचा क्रम बदलून किलोबाइट-किलोबाइट वाचवण्याची विद्या जन्मली. जून १९९१ च्या डॉस ५ ने काही सूत्रे वरच्या स्मृतीत ढकलण्याची सोय दिली. अनेक खेळाडू केवळ एका खेळासाठी वेगळी फ्लॉपी बनवून यंत्र तिच्यावरून सुरू करत.

१३.
त्याच १९९१ मध्ये पुण्यात वेगाच्या प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. अमेरिकेच्या निर्यातबंधनांमुळे हवे तसे महासंगणक मिळणे दुरापास्त होते. सी-डॅकने ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर नावाचे छोटे प्रोसेसर घेतले आणि असे अनेक प्रोसेसर जोडून काम वाटून दिले. एक बलाढ्य यंत्र नसेल, तर अनेक साध्या यंत्रांचा मेळ घालायचा. हा धडा खेळांच्या जगाने पुष्कळ उशिरा गिरवला.

१४.
घराघरांतील वेगाची पुढची उडी १९९६ मध्ये आली. तोवर पडद्यावरील प्रत्येक ठिपका मुख्य प्रोसेसरच रंगवत असे. ‘थ्रीडीएफएक्स’ कंपनीच्या ‘व्हूडू’ कार्डाने हे काम स्वतःकडे घेतले. प्रोसेसर उड्डाणाच्या गणितासाठी मोकळा झाला. आपल्याकडे अशा सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड प्रसिद्ध होता. वसई-विरारहून निघणाऱ्याला पश्चिम रेल्वेने थेट ग्रँट रोडला उतरता येई. ब्रँडेड संगणक महाग असताना असेम्बल्ड यंत्र जोडून घेण्याची पद्धत येथे रुजली. कोणता भाग आज बदलायचा आणि कोणता पुढच्या वर्षी, हे ठरवणे हीच एक अर्थनीती होती.

१५.
डिसेंबर १९९८ चा ‘फाल्कन ४.०’ हा सोडून देण्याच्या कलेचा उत्कृष्ट नमुना. त्यात कोरियाचे संपूर्ण युद्ध खेळाडूविनाही चालू राहते: रणगाडे सरकतात, पूल पडतात, विमाने झेपावतात. पेंटियमच्या काळात इतके मोजणे अशक्यच. म्हणून खेळाडूभोवती एक अदृश्य बुडबुडा कल्पिला गेला. बुडबुड्याच्या आत प्रत्येक वाहन स्वतंत्र आणि तपशीलवार. बाहेर मात्र संपूर्ण तुकडी म्हणजे एकच घटक, आणि तिच्या लढाईचा निकाल ढोबळ संख्यागणिताने.

१६.
खेळाडू जवळ आला की तुकडी ‘उलगडते’ आणि दूर गेला की पुन्हा ‘मिटते’. डोळ्यांसमोर जे नाही, त्यावर वेळ खर्च करायचा नाही, पण त्याचे अस्तित्वही पुसायचे नाही. हे तत्त्व इतके टिकाऊ ठरले की मूळ निर्मितीगट बंद पडल्यावर आणि २००० मध्ये खेळाची मूळ संहिता बाहेर फुटल्यावरही हौशी मंडळींनी तो जिवंत ठेवला. त्याची ‘बीएमएस’ आवृत्ती आजही उडते.

१७.
मग एक विलक्षण योगायोग. मे २००३ मध्ये भारताच्या हलक्या लढाऊ विमानाला पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी ‘तेजस’ हे नाव दिले. त्याच सुमारास इंटेल कंपनीही ‘तेजस’ या सांकेतिक नावाचा प्रोसेसर घडवत होती. भारतीय तेजस उडत राहिले. इंटेलचा तेजस मे २००४ मध्ये रद्द झाला. केवळ मेगाहर्ट्‌झ वाढवत नेण्याच्या मार्गात उष्णता आणि वीजवापर आडवे आले होते. इंटेल एकाच चिपवर दोन कोर बसवण्याकडे वळली. परमच्या मार्गाने आता साधा संगणकही निघाला.

१८.
मात्र कोर वाढले म्हणून जुना खेळ आपोआप वेगवान होत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच इशारा दिला होता: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच एकूण वेगाची मर्यादा ठरवतो. फ्रेमचे अर्धे काम अविभाज्य असेल, तर हजार कोर लावूनही वेग दुपटीपलीकडे जाणार नाही. लढाऊ सिम्युलेटरमध्ये तर एका गोष्टीचा निकाल दुसरीवर अवलंबून असतो. गोळी लागली की नाही हे कळल्याशिवाय पंख तुटला की नाही हे ठरत नाही.

१९.
‘डीसीएस वर्ल्ड’ या नामांकित सिम्युलेटरमध्ये २०१४ मध्ये मिग-२१ बिस हे विमान आले. ज्या मालिकेची विमाने नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली, तीच ही मालिका. या खेळाचा मुख्य भार दीर्घकाळ एकाच कोरवर पडत राहिला. महागड्या यंत्रांचे बाकीचे कोर जवळजवळ रिकामे बसत. मार्च २०२३ मध्ये खुल्या चाचणी-आवृत्तीत काम अनेक कोरांवर वाटणारी रचना आली आणि अनेकांचे तेच जुने यंत्र अधिक सुरळीत चालू लागले.

२०.
या इतिहासाला एक गमतीदार वळणही आहे. दूरचे शत्रूविमान पडद्यावर केवळ एक ठिपका असते. चित्राची सूक्ष्मता जितकी जास्त, तितका तो ठिपका लहान. त्यामुळे कित्येक खेळाडू मुद्दाम सूक्ष्मता कमी ठेवत, म्हणजे शत्रू आधी दिसे. सुंदर चित्र आणि जिंकण्याची संधी यांत निवड करावी लागे. साध्या पडद्यावर खेळणारा नेहमीच दुबळा नसतो.

२१.
जुन्या यंत्रावर उडणाऱ्यासाठी या इतिहासातून एक चाचणी हाती येते. चित्राची सूक्ष्मता निम्मी करून पाहावी. फ्रेम वाढल्या, तर भार ग्राफिक्स कार्डावर आहे, तेव्हा सावल्या, ढग, प्रतिबिंबे कमी करावीत. फ्रेम वाढल्या नाहीत, तर प्रोसेसर दमला आहे, तेव्हा मोहिमेतील विमाने आणि वाहने घटवावीत. नेमका अडथळा ओळखल्याशिवाय पैसा खर्चणे म्हणजे कोप्रोसेसर हवा असताना फ्लॉपी विकत घेणे.

२२.
२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे भारतीय वायुसेनेने मिग-२१ ला निरोप दिला. आता ते विमान उडवू पाहणाऱ्या सामान्य माणसासाठी उरले आहे ते पडद्यावरचे आकाश. २०२० च्या नव्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरने उपग्रहचित्रांच्या आधारे सारी पृथ्वी मांडली आणि १९८२ मध्ये जगाच्या नकाशात नसलेला राजोडीचा किनाराही त्यात आला. सुरूची बने आणि भरतीची रेघ क्षणात मागे पडते. दरम्यान पडद्यामागे तोच जुना हिशेब चालू असतो: १६.७ मिलिसेकंद, आणि त्यात काय सोडून द्यायचे. ढग सोडता येतात, सावल्या सोडता येतात. वेळ मात्र सोडता येत नाही.